नववीत गाव बदलताना

मे-जूनमध्ये मावळातल्या शाळांच्या कार्यालयांबाहेर परगावचे पालक दिसू लागतात. कुणाची तळेगाव एमआयडीसीत बदली झालेली असते, कुणी लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर किंवा सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफ तळावर रुजू झालेलं असतं. कुणाची नोकरी हिंजवडीत आणि घर गहुंजे-सोमाटण्यात, तर कुणी मुंबईचा व्याप आवरून लोणावळ्यात कायमचं राहायला आलेलं. फी किती, बस कुठपर्यंत येते, बोर्ड कोणतं, हे तीन प्रश्न सगळ्यांचे सारखेच. पण ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला अध्ययन अक्षमता आहे, बोलताना आपण ज्याला नुसतं ‘एलडी’ म्हणतो, त्यांच्याजवळ आणखी एक प्रश्न असतो. तो विचारावा की गिळून टाकावा, याचीच घालमेल चाललेली असते. सांगितलं तर प्रवेश मिळणार नाही, आणि नाही सांगितलं तर पहिल्याच घटक चाचणीत मूल तोंडघशी पडेल, ही भीती.

माझं मत असं की सांगावं, लेखी सांगावं आणि आधी तयारी करून सांगावं. ही तयारी शाळा शोधण्याच्या कितीतरी अगोदर सुरू होते.

अध्ययन अक्षमतेत बुद्धी कमी नसते. डिस्लेक्सियात अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मेंदूत आपोआप बसत नाही, त्यामुळे वाचन अडखळतं आणि त्यात सगळी शक्ती खर्च होते. डिसग्राफियात डोक्यात असलेलं उत्तर कागदावर उतरत नाही. डिस्कॅल्क्युलियात संख्यांचा अंदाज, पाढे, हातचे यांत गोंधळ होतो. औषधाने हे जात नाही, पण योग्य शिकवणं आणि पुरेसा वेळ मिळाला तर मूल शिकतं. मराठी माध्यमातल्या मुलांबाबत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मराठीत जसं लिहितो तसंच जवळपास वाचतो, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, फक्त फार हळू वाचतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर, रफार डोक्यावर आणि रकार पोटात, जोडाक्षरांचे आकार वेगवेगळे, अशा जागी ते अडतं. हिंदी वाचकांवर झालेल्या प्रयोगांतही या पहिल्या वेलांटीपाशी वाचनाचा वेग मंदावल्याचं दिसलं आहे. पाचवी-सहावीपर्यंत चांगल्या स्मरणशक्तीवर हे निभावतं. आठवी-नववीत धडे लांबतात, विज्ञान आणि इतिहासाची पानं वाढतात, मग इतकी वर्षं हुशार वाटणारं मूल एकाएकी ‘आळशी’ ठरतं.

आता याच वयात घर हलवायचं आहे असं समजा. जुन्या शाळेत या मुलाभोवती काही आधार नकळत उभे राहिलेले असतात. फळ्यावरचं उतरवून घ्यायला शेजारचा मित्र वही देतो. इतिहासाच्या बाई प्रश्न एकदा मोठ्याने वाचून दाखवतात. गणिताचे सर उभं करून पाढे विचारत नाहीत. शिकवणीवाल्या ताईंना माहीत असतं की याला आधी चित्र काढून सांगायचं आणि मग पुस्तक उघडायचं. यातलं काहीही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येत नाही. दाखल्यावर जन्मतारीख, इयत्ता आणि वर्तणूक एवढंच. नव्या शाळेला मूल मिळतं, त्याचे आधार जुन्या गावातच राहतात. स्थलांतरानंतर गुण कोसळतात तेव्हा पालक नव्या शाळेला दोष देतात आणि शाळा मुलाला. खरं कारण पुष्कळदा हे निसटलेले आधार असतात.

म्हणून निघण्यापूर्वी जुन्या शाळेतल्या दोन-तीन शिक्षकांना भेटून एक पान तयार करावं. मूल काय सहज करतं, कुठे अडतं, शिक्षक त्या वेळी काय करत होते आणि कशाचा उपयोग झाला नाही, हे साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहून घ्यावं. ‘एकाग्रता कमी आहे’ या वाक्यापेक्षा ‘प्रश्न वाचून दाखवला तर उत्तर बरोबर देतो’ हे वाक्य नव्या वर्गशिक्षकाच्या शंभरपट कामाचं. हे पान मुलासमोर बसून लिहावं. चौदा वर्षांच्या मुलाला आपली अडचण आपल्या शब्दांत सांगता आली पाहिजे, कारण वर्गात आई-बाबा नसतात. काय सांगायचं आणि काय ठेवून घ्यायचं, यातही त्याचं म्हणणं ऐकायला हवं.

कायद्याच्या दृष्टीने आठवी आणि नववी यांच्यामध्ये एक रेष आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 हा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आणि आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. त्यात प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घ्यायला बंदी आहे, वर्षाच्या मध्यातही प्रवेश नाकारता येत नाही आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला थांबवता येत नाही. नववीपासून हे संरक्षण उरत नाही. तिथून पुढे हाताशी असतो तो दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016. एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश केला. त्याचं कलम 16 सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांबद्दल बोलतं. भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करावा, असं ते सांगतं. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम 17 मध्ये आहे. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

यातून निघणारा व्यवहारी सल्ला असा. बदली पुढे-मागे करणं हातात असेल तर मूल आठवीत असताना यावं किंवा दहावीनंतर. नववीच्या अखेरीस येणं सर्वांत कठीण, कारण दहावीत थेट प्रवेश द्यायला कोणत्याच बोर्डाच्या शाळा सहसा तयार नसतात आणि परीक्षेच्या सवलतींचे कागद तोवर जुन्या शाळेतून मार्गी लागलेले असतात. केंद्र सरकारच्या नोकरीतल्यांना एक पर्याय तुलनेने सोपा आहे. लोणावळ्यात आयएनएस शिवाजीच्या आवारात केंद्रीय विद्यालय आहे, आणि एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाताना पुस्तकं आणि पद्धत बदलत नाही.

आता प्रमाणपत्र. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल कितीही सविस्तर असला तरी राज्य मंडळाच्या सवलतींसाठी सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मावळातून त्यासाठी पुण्याला जावं लागतं. ससून रुग्णालय पुणे स्टेशनच्या अगदी जवळ असल्याने लोणावळा-पुणे लोकलने जाणाऱ्याला तिथवर पायी पोचता येतं. केंद्र सरकारने घालून दिलेल्या पद्धतीत आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्धिमापन होतं आणि त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतात. त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्सने तयार केलेला चाचणीसंच वापरला जातो. या पद्धतीत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. म्हणजे तिसरी-चौथीत काढलेलं प्रमाणपत्र नेमकं नववीच्या तोंडावर नव्याने काढायची वेळ येते, आणि त्याच सुमारास घर बदललेलं असतं. तारखा मिळायला वेळ लागतो आणि काम एका फेरीत होत नाही. त्यामुळे जुन्या गावी सगळी ओळखपाळख असतानाच हे उरकता आलं तर उत्तम. सोबत ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून मिळणारं दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र काढावं. ते देशभर चालतं, त्यामुळे कर्नाटकातून किंवा गुजरातेतून येणाऱ्या कुटुंबाला इथे सुरुवातीपासून सगळं सिद्ध करत बसावं लागत नाही.

इथे एका गोष्टीने मला नेहमी अस्वस्थ व्हायला होतं. केंद्राच्या 2018 च्या पद्धतीत बुद्ध्यंक 85 च्या वर असेल तरच पुढच्या चाचण्या होत असत. ज्यांचा बुद्ध्यंक 70 ते 85 च्या मधे येतो ती मुलं बौद्धिक दिव्यांगत्वात बसत नाहीत आणि अध्ययन अक्षमतेतही नाहीत. शाळेत सर्वांत जास्त धडपडणारी हीच मुलं, आणि कागदावर त्यांना कसलीच सवलत नाही. अशा मुलाचे पालक रुग्णालयातून रिकाम्या हाताने परततात. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाची वाट आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

कागद हातात आला की बोर्डाचा विचार. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने 1996 च्या सुमारास केली, आणि या बाबतीत आपलं राज्य देशात पुढे होतं. आज राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिक घेता येतो. शुद्धलेखनाच्या चुकांकडे सहानुभूतीने पाहिलं जातं. प्रमाणपत्रात अडचण कशात आहे त्यानुसार एका भाषेऐवजी कार्यशिक्षणासारखा विषय घेता येतो. डिस्कॅल्क्युलिया असेल तर बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सोय आहे. ही शेवटची सोय घेताना घाई करू नये. गणित लागणाऱ्या शाखा त्यानंतर अवघड होतात, आणि पुष्कळ मुलांना गणकयंत्र आणि जादा वेळ एवढ्यावर नेहमीचं गणित जमून जातं.

सीबीएसईतही जादा वेळ आणि लेखनिक आहे, दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा आहे, शिवाय दहावीत सर्वांसाठीच गणिताचा सोपा आणि कठीण असे दोन स्तर आहेत. भाषेचा मुद्दा बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांनी विशेष जपून पाहावा. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ज्या मुलाला दोन लिप्या सांभाळतानाच दमछाक होते, त्याच्या पुढ्यात नववीत नवी भाषा येणार असेल तर सूट कशी मिळेल, हे मुख्याध्यापकांना प्रवेशाच्या दिवशीच विचारावं. मी मराठीचा कट्टर अभिमानी आहे, तरी अशा मुलाला मराठी आधी बोलता यावी, ऐकून कळावी आणि लेखी परीक्षेचा विचार मागाहून व्हावा, असंच म्हणेन.

सवलत मिळाली म्हणजे ती वापरता आली असं नव्हे, आणि लेखनिकाच्या बाबतीत हे फारच खरं आहे. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. त्याला विषय येत नाही आणि येऊही नये असाच नियम आहे. त्याला उत्तर सांगायचं म्हणजे वाक्य आधी मनात पूर्ण जुळवायचं, पूर्णविराम कुठे ते सांगायचं, नवा परिच्छेद सांगायचा. ‘त्रिकोण एबीसी काढ, बी हा काटकोन’ हेसुद्धा तोंडाने सांगायचं, आणि त्याने गाळलेली ओळ लक्षात ठेवून परत सांगायची. सवय नसलेलं मूल यात इतकं गोंधळतं की स्वतः लिहिलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणतं. म्हणून नववीच्या पहिल्या चाचणीपासून लेखनिक मिळायला हवा. शाळा निवडताना विचारण्याचा खरा प्रश्न तोच आहे: बोर्डाच्या पेपराला तर द्यालच, पण नववीच्या घटक चाचणीला लेखनिक आणि जादा वेळ द्याल का? जी शाळा यावर विचार करून, व्यवस्था सांगून उत्तर देते ती चांगली. ‘बोर्डाचं बोर्डाच्या वेळी बघू’ असं म्हणणारी शाळा कितीही देखणी असली तरी मी तिथे मूल घालणार नाही.

आणखीही काही विचारावं. या आधी अशा सवलतीने दहावी झालेला विद्यार्थी इथे होता का, आणि त्याचे मंडळाकडचे कागद कुणी केले? बहुतेक शाळांत हे काम जाणणारी एकच व्यक्ती असते, कधी समुपदेशक, कधी जुन्या वर्गशिक्षिका, कधी चक्क कार्यालयातले वरिष्ठ लिपिक. त्यांना भेटावं. सीबीएसईने संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमायला सांगितलं आहे, पण तो रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो, हे समजून घ्यावं. माहितीपत्रकातल्या जलतरण तलावापेक्षा ही माहिती महत्त्वाची.

अनुदानित मराठी शाळांना आधीच यादीतून काढू नका, हेही आग्रहाने सांगतो. लोणावळ्यात 1923 पासून विद्या प्रसारिणी सभेचं काम चालू आहे, तळेगावातही जुन्या संस्था आहेत. वर्ग मोठे असतात, मान्य. पण राज्य मंडळाच्या सवलतींची पद्धत या शाळांच्या अंगवळणी पडलेली असते. समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात आणि मावळचं हे केंद्र वडगावला आहे. भेटी पुरेशा नाहीत, कारण माणसं पुरेशी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये उच्च प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांसाठी पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं, आणि पदं निर्माण करा असं राज्यांना 2025 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

घर कुठे घ्यायचं, हाही शाळेचाच भाग आहे. उपचारात्मक शिकवणी देणारे शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे निगडी-चिंचवड आणि पुण्याकडे जास्त आहेत. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा अशी लोकलची ओळ हाताशी असेल तर आठवड्यातून दोनदा जाणं जमतं, मात्र दुपारी गाड्या विरळ असतात हे गृहीत धरून वेळ ठरवावी. पवना धरणाच्या काठी किंवा डोंगरात आत घर घेतलं तर हेच जाणं-येणं अख्ख्या दिवसाचं होतं. लोणावळ्याच्या पावसात आणि शनिवार-रविवारच्या वाहनांच्या रांगांत शाळेची बसही रेंगाळते. ज्या मुलाला तोच गृहपाठ करायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, त्याचा रोजचा दीड तास बसमध्ये गेला तर कसल्याही सवलतीने तो भरून निघत नाही. थोडी डावी वाटणारी जवळची शाळा इथे नावाजलेल्या लांबच्या शाळेवर मात करते.

वसतिगृहाची शाळा हा डोंगराळ भागात हमखास पुढे येणारा पर्याय. ‘तारे जमीं पर’ 2007 साली आला तेव्हा पाचगणीच्या निवासी शाळेत पाठवलेला तो मुलगा घराघरांत पोचला. त्याला तिथे एक शिक्षक भेटला, म्हणून गोष्ट सुखाची झाली. प्रत्यक्षात तसा शिक्षक असल्याची खात्री करूनच मुलाला पाठवावं, आणि घर बदलण्याच्या गडबडीत तर मुळीच नाही. घर, मित्र आणि शाळा एकदम सुटणं फार होतं.

स्थलांतर फक्त परगावच्यांचं होतं असंही नाही. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं गावची शाळा संपली की टाकवे, कामशेत, पवनानगर, वडगावच्या हायस्कुलात येतात, काही नातेवाइकांकडे राहतात. त्यांच्यातही अध्ययन अक्षमता असणारच, पण ‘अभ्यासात डोकं नाही’ म्हणून नववीत नापास होऊन ती शेतावर किंवा कारखान्याच्या कंत्राटी कामावर जातात, एकदाही तपासणी न होता. मराठीतून तपासणीची साधनं आता आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेल्या ‘डाली’ संचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. तो पहिली ते पाचवीसाठी आहे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतच वापरायला हवा. परगावच्या सुशिक्षित पालकाने आपल्या मुलासाठी शाळेत लेखनिकाची आणि जादा वेळेची पद्धत पाडून घेतली तर त्याच वर्गातल्या कातकरी किंवा ठाकर मुलाला तिचा उपयोग होईल. मला हे फार मोलाचं वाटतं.

मुक्त विद्यालयाचा रस्ता ज्यांना लागेल त्यांनी तो कमीपणाचा मानू नये. 1989 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, चौदाव्या वर्षापासून दहावीला बसता येतं. विषय पाच, त्यांत भाषा एक पुरते, गणित घ्यायलाच हवं असं नाही, चित्रकला किंवा गृहविज्ञान चालतं. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. बुद्ध्यंकाच्या रेषेत अडकलेल्या मुलांना इथे प्रमाणपत्र मागितलं जात नाही, आणि मधेच पुन्हा बदली झाली तरी बोर्ड बदलत नाही. उणीव आहे ती सोबतीची. दिवसभर घरी बसलेलं किशोरवयीन मूल एकटं पडतं. त्यासाठी खेळ, हातकाम, एखादा गट आठवड्यात ठरलेला हवाच. चाकोरीबाहेरच्या शिक्षणाची तळेगावला जुनी ओळख आहे. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय सरकारने 1910 मध्ये बंद पाडेपर्यंत इथे राष्ट्रीय शिक्षण देत होतं, आणि त्याच सुमारास पैसा फंडाच्या काच कारखान्यात तरुण मुलं भट्टीपाशी उभं राहून धंदा शिकत होती.

सगळं नीट करूनही शाळेने प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागावा. तोंडीच मिळाला तर त्याच दिवशी शाळेला ईमेल करून ‘आज आपण असं सांगितलंत’ एवढं नोंदवावं. त्याची प्रत घेऊन आधी वडगावला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि माध्यमिकसाठी पुण्याला जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. तिथेही दाद लागली नाही तर 2016 च्या कायद्याखालचे राज्य दिव्यांग आयुक्त आहेत आणि त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. तक्रार साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. सोबत प्रमाणपत्राची प्रत, प्रवेश अर्जाची पोच आणि तो ईमेल जोडावा.